बावीस फेऱ्यांची गाडी

कवितेचं रसग्रहण आपण शाळेत शिकतो. यंत्राचंही करता येतं असं मला वाटतं. मात्र त्या यंत्रामागे माणसाचा हात आणि हट्ट दिसला पाहिजे. कॉन्यू पीसी-१ हे तसं यंत्र आहे. फॉर्म्युला वन शर्यतींसाठी बांधलेली ही गाडी कुठल्या कारखान्यात बनली नाही. लंडनच्या पूर्वेला चॅडवेल हीथ नावाच्या भागात भाड्याने घेतलेल्या एका गॅरेजमध्ये, तीन-चार माणसांनी मिळून ती उभी केली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत ती एकदाच धावली आणि २२ फेऱ्यांनंतर थांबली. शर्यत ५४ फेऱ्यांची होती.

बांधणाऱ्याचं नाव पीटर कॉन्यू. तो व्यवसायाने ड्राफ्ट्समन. मोटरसायकल आणि मोटार, दोन्हींचं जागतिक अजिंक्यपद मिळवणारा एकमेव माणूस म्हणजे जॉन सर्टीज; त्याच्या शर्यत-संघाच्या ड्रॉइंग ऑफिसात कॉन्यू काही काळ नोकरीला होता. तिथून बाहेर पडल्यावर आपण स्वतःच एक गाडी करू, असं त्याने ठरवलं. सोबतीला रॉजर डोरन हा मित्र आणि बॅरी बूर हा भाऊबंद. मोठा प्रायोजक नव्हता, कारखाना नव्हता. इंजिन मात्र त्यांनी मिळवलं ते त्या काळातलं उत्तम इंजिन, कॉसवर्थ डीएफव्ही. तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं हे इंजिन १९६७ मध्ये झँडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलं होतं आणि पैसे मोजणाऱ्या कुठल्याही संघाला ते विकत मिळत असे. गिअरबॉक्स ह्यूलंडचा, तोही बाजारात मिळणारा. म्हणजे गाडीचं हृदय आणि दात, दोन्ही विकतचे. त्या दोघांना सांभाळणारं शरीर तेवढं घरचं. आस्वाद घ्यायचा तो या शरीराचा.

त्या काळातल्या शर्यतीच्या गाडीला वेगळी चासी नसे. ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून, रिव्हेट मारून एक लांबट टब करायचा, मधे ड्रायव्हर बसवायचा, दोन्ही बाजूंच्या पोकळीत पेट्रोलच्या पिशव्या भरायच्या आणि मागे इंजिन सरळ त्या टबाला बोल्टने आवळायचं. याला मोनोकॉक म्हणतात. कॉन्यूने असा टब हाताने केला, आणि तो होत आला तेव्हा नियम बदलला. अपघातात पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून बाहेरचा पत्रा जाड हवा, असं ठरलं. त्यांचा पत्रा १८ गेजचा, आता त्याहून जाड, १६ गेजचा पाहिजे. मिलिमीटरमध्ये मोजलं तर फरक साधारण शून्य पूर्णांक चार. या एवढ्याशा फरकासाठी अख्खा टब नव्याने करावा लागला.

इथे मी नेहमी थांबतो. मोठ्या संघाला असा बदल म्हणजे आठवड्याभराची धावपळ. गॅरेजमधल्या तिघांना तो महिन्यांचा होता. तरी त्यांनी पुन्हा पत्रा कापला, पुन्हा भोकं पाडली, पुन्हा एकेक रिव्हेट मारला. ज्याने फिटरच्या बाकावर काम केलं आहे त्याला कळेल, की पहिल्यांदा करताना अंगात उत्साह असतो. तीच वस्तू दुसऱ्यांदा करताना फक्त निष्ठा उरते. कॉन्यूच्या गाडीचं पहिलं सौंदर्य मला या दुसऱ्या टबात दिसतं.

पण त्या महिन्यांची किंमत पुढे चुकवावी लागली. चालवून पाहण्यासाठी राखलेला वेळ बांधण्यातच संपला. जुलै १९७२ मध्ये ब्रँड्स हॅचला ब्रिटिश ग्रां प्री होती, त्यांच्या घरच्या मैदानावरची. गाडीचं नाव यादीत होतं. आयत्या वेळी मागच्या सस्पेन्शनमध्ये दोष दिसला, चाकाला धरणारा भाग भाराखाली लवत होता. त्यांनी गाडी मागे घेतली. घरच्या प्रेक्षकांपुढे, इतक्या खटपटीनंतर, स्वतःहून माघार घेणं सोपं नसतं. ती माघार मला त्यांच्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

मागचं चाक लवतं म्हणजे काय होतं, हे जरा जवळून पाहू. चाकाला वरून आणि खालून दोन त्रिकोणी दांडे धरून ठेवतात, त्यांना विशबोन म्हणतात. दांड्यांची बाहेरची टोकं चाक धरणाऱ्या अपराइट नावाच्या भागाला आणि आतली टोकं गाडीच्या शरीराला छोट्या ब्रॅकेटने जोडलेली असतात. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की चाक पुढे रेटतं, ब्रेक दाबला की मागे ओढतं, वळणावर आडवं ढकलतं. एकाच फेरीत ही दिशा अनेकदा उलटते. ब्रॅकेट केसभर जरी हलला तरी मागचं चाक आपल्या मनाने दिशा बदलतं आणि गाडी मागच्या बाजूने स्टिअर होऊ लागते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगात ड्रायव्हरच्या हातात पुढचं स्टिअरिंग असतं, मागचं नसतं. शिवाय सततच्या उलटसुलट ताणाने धातू थकतो. बारीक चीर पडते, ती दिसत नाही, वाढत जाते आणि एका क्षणी तुटते.

साखर कारखान्याच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाची ट्रॉली उलटलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरचं इंजिन ठणठणीत असतं, ट्रॉलीचे टायरही धड असतात, तुटलेली असते ती जोडाची पिन.

१३ ऑगस्ट १९७२. ऑस्ट्रियातलं ओस्टररायखरिंग. डोंगरउतारावरचा, लांबलचक वेगवान वळणांचा जवळजवळ सहा किलोमीटरचा ट्रॅक. फ्रान्सवा मिगो हा फ्रेंच ड्रायव्हर कॉन्यूच्या गाडीत बसला. त्याचीही ही पहिलीच ग्रां प्री. सुरुवातीच्या रांगेत गाडी मागच्या टोकाला होती. पण होती. पुढे इमर्सन फिटिपाल्डीची लोटस ७२, जिने ती शर्यत आणि पुढे त्या वर्षीचं अजिंक्यपदही जिंकलं. आणि त्याच रांगेत, त्याच नियमांखाली, त्याच जातीचं इंजिन घेऊन गॅरेजमध्ये रिव्हेट मारलेली ही गाडी. २२ फेऱ्या म्हणजे सुमारे १३० किलोमीटर, इंदापूरहून पुण्याला जाण्याएवढं अंतर, ती शर्यतीच्या वेगाने धावली. मग मागचं सस्पेन्शन निकामी झालं. जुलैमध्ये ज्या सस्पेन्शनने सूचना दिली होती, त्यानेच ऑगस्टमध्ये गाडी थांबवली. मिगो सुखरूप बाहेर आला.

त्याच ऑगस्टमध्ये आपल्या बारामती-इंदापूरच्या आभाळात पाऊस नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाची ती सुरुवात होती आणि इथल्या माणसांची सगळी कल्पकता पाण्याच्या थेंबामागे लागली होती. आज त्याच मातीत इंजिनीअरिंगची कॉलेजं आहेत, बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या आपे रिक्षा आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनतात. गाडी बनते म्हणजे काय होतं, हे इथल्या शेकडो घरांना रोजच्या पाळीतून ठाऊक आहे.

कॉन्यूच्या गाडीला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅचला आणखी एक संधी आली. अजिंक्यपदाबाहेरच्या शर्यतीत डेव्हिड पर्ली ही गाडी चालवणार होता. हा पर्ली म्हणजे पुढच्या वर्षी झँडव्होर्टला स्वतःची शर्यत सोडून, जळत्या गाडीत अडकलेल्या रॉजर विल्यमसनला वाचवायला एकटा धावलेला ड्रायव्हर. गडबड झाली तर इंजिन तत्काळ बंद करता यावं म्हणून त्याने स्टिअरिंगवर एक बटण मागितलं. मागणी रास्त होती. बटण बसलं, वायर ओढली गेली आणि शर्यत सुरू होण्याआधीच विजेच्या दोषाने गाडी बंद पडली. सुरक्षेसाठी आयत्या वेळी लावलेल्या वायरनेच तिला अडवलं. १९७३ मध्ये शेवर्लेचं इंजिन बसवून ती फॉर्म्युला ५००० शर्यतींत उतरली, तिथे तिला अपघात झाला आणि टब मोडला. तिची शर्यतीतली कारकीर्द तिथे संपली.

या सगळ्या नोंदी ओळीने लावल्या की एक गोष्ट ठळक दिसते. कॉन्यूचं धाडस कुठे कमी पडलं नाही, त्याची आखणीही नाही. इंजिन फुटलं नाही, गिअरबॉक्सने दगा दिला नाही. थांबवलं ते जोडांनी, म्हणजे विशबोन जिथे शरीराला मिळतो त्या जागेने आणि वायर जिथे बटणाला मिळते त्या जागेने. विकत घेतलेल्या भागांची परीक्षा त्यांच्या कारखान्यांनी हजारो तास घेतलेली होती. घरी केलेल्या भागांची परीक्षा घ्यायला घरात वेळ उरला नव्हता.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं. शिक्षण सातवीपर्यंत, आणि ध्यास सामान्य माणसाला परवडेल अशा छोट्या मोटारीचा. १९४९ मध्ये त्यांनी पहिली गाडी उभी केली आणि ‘मीरा’ या नावाने शेवटचं मॉडेल आणलं ते १९७५ मध्ये. इंजिन मागे, स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन, किंमत बारा हजारांच्या आसपास. ती शर्यतीची गाडी नव्हती आणि तिचं अपुरेपण वेगळ्या जातीचं होतं. गाडी रस्त्यावर चालली, पण तिच्यामागे कारखाना उभा राहिला नाही. तरी पंचवीस वर्षं एकच कल्पना पुन्हा पुन्हा घासून सुधारत राहणारा हा माणूस कॉन्यूचा सख्खा भाऊ शोभेल. दोघांमधला फरक मला शिकण्यासारखा वाटतो. कुलकर्णींकडे वेळ होता आणि बळ नव्हतं. कॉन्यूकडे जगातलं उत्तम इंजिन होतं आणि वेळ नव्हता.

वेळेची आणि तपासणीची शिस्त म्हणजे काय, हे पाहायला इंदापूर तालुक्यातल्या माणसाला इंग्लंडला जायची गरज नाही. वालचंदनगर आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून देशी मोटारीचा पाया घातला, त्यांच्याच नावाच्या या गावात इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग बनतात. असं केसिंग वेल्ड करून झालं म्हणजे काम संपत नाही. प्रत्येक सांधा तपासला जातो, पाण्याच्या दाबाखाली धरला जातो, मगच तो भाग दाराबाहेर पडतो. सांध्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तो सिद्ध करून घ्यायचा असतो, हे आपल्या तालुक्यातले वेल्डर पिढ्यान्पिढ्या जाणतात.

म्हणूनच हे रसग्रहण मी मुख्यतः कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये रात्री जागणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे. देशभरातले विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन पीथमपूरच्या बाहा स्पर्धेला आणि कोइम्बतूरच्या फॉर्म्युला भारतला जातात. फॉर्म्युला भारतमध्ये ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जागच्या जागी लॉक झाली नाहीत, तर गाडीला ट्रॅकवर सोडत नाहीत. शेवटची सहनशक्तीची शर्यत सुमारे २२ किलोमीटरची. मधेच ड्रायव्हर बदलतो आणि तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करावं लागतं. अनेक गाड्या तिथेच थांबतात, कधी एखाद्या वायरमुळे, कधी एखाद्या ब्रॅकेटमुळे. कॉन्यूची गाडी ज्यामुळे थांबली, त्याच दोन गोष्टी.

तेव्हा मित्रहो, स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजा आणि शेवटचा महिना कॅलेंडरवर आधीच खोडून टाका. त्या महिन्यात नवा भाग बसवायचा नाही, नुसतं चालवायचं, तपासायचं, पुन्हा चालवायचं. इंजिनाची घाई करू नका, ते विकत मिळतं. तुम्ही स्वतः वेल्ड केलेला प्रत्येक जोड मात्र रोज हाताने चाचपून पाहा. आणि प्राध्यापकांना एक विनंती आहे. थांबलेली गाडी भंगारात देऊ नका. ती वर्कशॉपमध्येच ठेवा, तुटलेला ब्रॅकेट तिच्यावर तसाच राहू द्या आणि तो कसा तुटला हे शेजारी लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं आधी ते वाचतील.