‘रीबर्थ’, ‘ट्रान्समायग्रेशन’ आणि आपला ‘पुनर्जन्म’

भगवान बुद्धांना पुनर्जन्म मान्य होता काय, हा प्रश्न धम्मप्रवचनानंतर हमखास विचारला जातो. एक वक्ता ‘होय’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो, आणि दोघेही ग्रंथाधार दाखवितात. या मतभेदाचा पुष्कळसा भाग सिद्धान्ताचा नसून शब्दांचा आहे. बौद्ध वाङ्मयाचा आपला अभ्यास बऱ्याच अंशी इंग्रजी ग्रंथांच्या साहाय्याने झाला. त्या ग्रंथांतील तीन भिन्न शब्दांना आपण मराठीत एकच प्रतिशब्द योजला. त्याची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

‘रीबर्थ’, ‘रीइन्कार्नेशन’ आणि ‘ट्रान्समायग्रेशन’ हे ते तीन शब्द होत. ते सरसकट समानार्थी समजले जातात. परंतु त्यांची घडण भिन्न आहे. ‘ट्रान्समायग्रेशन’मध्ये स्थलांतराची कल्पना आहे. स्थलांतर म्हटले की स्थलांतर करणारा आलाच. पक्षी एक सरोवर सोडून दुसऱ्यावर जातो तेव्हा सरोवर बदलते, पक्षी तोच राहतो. ‘रीइन्कार्नेशन’च्या मुळाशी मांस या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पुन्हा मांसमय देह धारण करणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे देहाहून निराळा असा कोणी धारणकर्ता त्यात गृहीत आहे. ‘रीबर्थ’ हा शब्द मात्र जन्म पुन्हा झाला एवढेच सांगतो. कोणाचा झाला, याविषयी तो मौन पाळतो. युरोपातील विद्येच्या पुनरुज्जीवनाला ‘रेनेसाँ’ म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थही पुनर्जन्म असाच आहे. पण तेथे एखादा आत्मा या देहातून त्या देहात गेला, असे कोणी समजत नाही.

पालि वाङ्मयात हा भेद स्पष्ट आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये राजा मिलिंद विचारतो, संक्रमण न होता प्रतिसंधी होऊ शकते काय? भदन्त नागसेन होकार देतात आणि दोन दृष्टान्त सांगतात. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, म्हणून पहिली ज्योत दुसऱ्यात गेली असे होत नाही. शिष्य आचार्यांकडून गाथा शिकतो, तेव्हा ती आचार्यांना सोडून येत नाही. १८९० साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. तेथे त्यांनी संक्रमणासाठी ‘ट्रान्समायग्रेशन’ आणि प्रतिसंधीसाठी ‘रीबर्थ’ हा शब्द घेतला. हे दोन शब्द एकच मानले, तर राजाचा प्रश्नच निरर्थक ठरतो.

मज्झिम निकायातील ३८ व्या सुत्तात साति नावाचा भिक्षू म्हणतो की, तेच विज्ञान अविकृत राहून धावते, संसरण करते. तथागत त्याची कठोर शब्दांत कानउघाडणी करतात. कारण प्रत्ययावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही. सातिची चूक ही नेमकी ‘ट्रान्समायग्रेशन’ची चूक होय.

बाबासाहेबांनी हा धोका अचूक हेरला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या चौथ्या खंडातील एका भागाचा विषयच असा आहे की, शब्दांचे साम्य मूलभूत भेद कसे झाकून टाकते. त्यात ‘रीबर्थ’ आणि ‘ट्रान्समायग्रेशन’ यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न ते वेगळे करतात. देहाची घटकद्रव्ये नष्ट होत नाहीत, या अर्थी पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे; तीच मृत व्यक्ती पुन्हा जन्मते, हे मात्र ते अत्यंत असंभवनीय मानतात.

मराठीत ‘पुनर्जन्म’ हा एकच शब्द या सर्वांवर पांघरूण घालतो. तो कोरा शब्द नाही. ‘मागच्या जन्मीचे पाप’, ‘चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा’ अशा शतकानुशतकांच्या बोलण्याने तो भरलेला आहे. वाचक ‘पुनर्जन्म’ वाचतो आणि मनात आत्म्याचा प्रवास पाहतो. त्या प्रवासाबरोबर जातीचे समर्थनही येते, कारण आजचे दैन्य कालच्या जन्माच्या नावे मांडता येते. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दीनदलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाच्या शिरावरून उतरवितो, हा बाबासाहेबांचा आक्षेप त्याच भागात आहे. तेव्हा प्रतिशब्दाची निवड हा केवळ भाषांतरकाराच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

‘रीबर्थ’ हा शब्दही निर्दोष आहे, असे नव्हे. मूळ शब्द ‘पुनब्भव’ आहे, आणि प्रतीत्यसमुत्पादात ‘भव’ व ‘जाति’ ही दोन वेगळी अंगे आहेत. ‘भव’ म्हणजे होणे; ‘जाति’ म्हणजे जन्म. भिक्खू बोधी यांनी ‘पुनब्भव’साठी ‘नवे अस्तित्व’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग केला, तो अधिक काटेकोर आहे.

आपल्यापाशी तर ‘पुनर्भव’ हा तयार शब्द आहे. ‘पुनब्भव’साठी पुनर्भव, ‘पटिसन्धि’साठी प्रतिसंधी, ‘ट्रान्समायग्रेशन’साठी आत्मसंक्रमण आणि ‘रीइन्कार्नेशन’साठी देहांतर, एवढा विवेक अनुवादकांनी पाळावा. आणि प्रवचनकारास कोणी तो नेहमीचा प्रश्न विचारला, तर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्याने उलट विचारावे: आपणास कोणता पुनर्जन्म अभिप्रेत आहे?