शेवटची दोन मिनिटं

गावसकर की तेंडुलकर हा वाद आपल्याकडे कट्ट्यावर रात्री दीड वाजेपर्यंत चालतो. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलमध्ये तसा युनिटास की माँटाना की ब्रेडी हा चालतो, आणि तसाच फुकट जातो. कारण दोन्ही बाजू आकडे घेऊन बसतात. जॉनी युनिटासने अठरा हंगामांत 290 टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले आणि 253 वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हातात घातला. टॉम ब्रेडीचे टचडाऊन पास 649. यावरून काय ठरवायचं? युनिटासच्या उमेदीत हंगाम 12 सामन्यांचा होता, आज 17चा आहे. त्याच्या काळी पास झेलायला धावणाऱ्या गड्याला बचावपटू मैदानभर धक्के देत अडवू शकत. 1978 साली नियम बदलला आणि पहिल्या पाच यार्डांपुढे असं अडवायला बंदी आली. ब्रेडीचा गुडघा 2008मध्ये मोडला, तर पुढच्याच वर्षी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्याच्या, पायांत घुसण्याचा नियम कडक झाला. युनिटासचं नाक फुटलं, तर तो बोळा कोंबून खेळत असे.

म्हणून मी आकड्यांच्या वाटेला जात नाही. मी फक्त शेवटची दोन मिनिटं पाहतो. नियम बदलले, चेंडू बदलला, पगार तर विचारूच नका. घड्याळ मात्र सगळ्यांना सारखंच होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की त्याच्याकडे जेमतेम तीन सेकंद असतात, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर चालून येतात.

28 डिसेंबर 1958, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स, विजेतेपदाचा सामना. जायंट्स 17-14 असे पुढे. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला आणि कोल्ट्सचा चेंडू स्वतःच्या 14 यार्डांवर, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान पुढ्यात. पोक काढून उभा असलेला, बारीक केस कापलेला, घोट्याच्या वर येणारे काळे बूट घातलेला हा माणूस, युनिटास, तीन वर्षांपूर्वी पिट्सबर्गच्या संघाने हंगाम सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवला होता. त्यानंतर तो बांधकामावर राबत होता आणि एका स्थानिक संघातून सामन्यामागे सहा डॉलरवर खेळत होता.

पहिले दोन पास वाया. तिसरा लेनी मूरला, 11 यार्ड. पुन्हा एक वाया. आणि मग ओळीने तीन पास एकाच गड्याला, रेमंड बेरीला. 25, 15, 22. बासष्ट यार्ड. सात सेकंद उरले असताना किक बसली आणि सामना बरोबरीत आला.

या तिनांतल्या पहिल्यापाशी मी दरवेळी थांबतो. बेरीच्या अगदी नाकासमोर जायंट्सचा हार्लंड स्वेअर येऊन उभा राहिला. ठरलेली वाट बंद. घोळका करून बोलायला वेळ नाही. युनिटासने बेरीकडे पाहिलं, बेरीने युनिटासकडे. असा माणूस असा समोर आला तर काय करायचं, हे दोघांनी पूर्वी कधीतरी बोलून ठेवलेलं होतं. बेरीने बाहेरच्या बाजूला हूल दिली आणि तो स्वेअरला चुकवून आत शिरला; चेंडू त्याच्या वाटेवर आलाच होता. बेरीची नजर अधू होती, वेगही बेताचा. सराव संपून सगळे अंघोळीला गेले, तरी हे दोघे चेंडू फेकत आणि झेलत मागे थांबायचे. तबलजीने मान वर न करता गवय्याची सम ओळखावी, ती त्या तासांची कमाई.

पुढे जादा वेळात युनिटास 80 यार्ड गेला, तेरा खेळींत. त्यात एकदा जायंट्सचा सॅम हफ बेरीच्या धास्तीने दोन पावलं मागे सरकलेला त्याला दिसला. लगेच त्याने खेळी बदलली आणि हफने रिकाम्या केलेल्या जागेतून ॲलन अमीचीला पळवलं. वीस-बावीस यार्ड! आणि मग, अगदी दारात आल्यावर, सगळं स्टेडियम किकची वाट बघत असताना, त्याने कडेला जिम मटशेलरला पास टाकला. मध्ये कोणाचा हात पडता तर सामना जायंट्सचा होता. हा पास मला आजही पटत नाही, आणि डोळ्यांपुढून हलतही नाही. पुढच्याच खेळीत अमीची एक यार्ड घुसला. 23-17.

हे सगळं त्याने स्वतः ठरवलं. कानात कोणी बोलत नव्हतं. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रीतसर आला तो 1994 साली, आणि तोही खेळीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो.

जो माँटानाची गोष्ट वेगळी. त्याला प्रशिक्षक म्हणून बिल वॉल्श मिळाला. वॉल्शने पासचं अक्षरशः व्याकरण लिहिलं होतं: मागे तीन पावलं टाकली की हा पास, पाच टाकली की तो. झेलणारा अजून वळलेला नसतो आणि चेंडू निघालेला असतो. सामन्याच्या पहिल्या पंधरा-वीस खेळी वॉल्श आधीच कागदावर मांडून आणायचा. म्हणजे बंदिश गुरूची. मग माँटानाचं काय, असं विचारणारे भेटतात. त्यांनी 22 जानेवारी 1989चा मायामीतला सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, पाहावा. सिनसिनाटी 16-13 पुढे, 3 मिनिटं 10 सेकंद शिल्लक, माँटानाच्या संघाचा चेंडू स्वतःच्या 8 यार्डांवर. घोळक्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि हा गडी सहकाऱ्याला म्हणतो, तो बघ, तिकडे जॉन कँडी बसलाय! विनोदी नट जॉन कँडी खरोखरच प्रेक्षकांत होता.

हा किस्सा सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. वाटेत आवाजावर आवाज चढवून ओरडताना माँटानाचा श्वास इतका चढला की त्याला गरगरायला लागलं. त्याने काय केलं? चेंडू सरळ मैदानाबाहेर फेकून दिला. एक प्रयत्न गेला, बाकी काही नाही. लगेच पुढे संघाला दंड झाला, दहा यार्ड मागे. दुसरा प्रयत्न आणि वीस यार्ड हवे. तिथून जेरी राइसला 27 यार्डांचा पास. शेवटी 34 सेकंद राहिले असताना जॉन टेलरला दहा यार्डांचा, आणि टेलरने त्या दिवशी झेललेला तो पहिलाच चेंडू. 20-16. ‘शांत माणूस’ असं माँटानाचं वर्णन करतात ते अर्धवट आहे. घेरी येत असताना कोणता पास द्यायचा नाही हे कळणं, ही त्याची खरी कला.

थोडं विषयांतर. मिरजेला सतारी घडतात तसे पिट्सबर्गच्या आसपास क्वार्टरबॅक घडतात. युनिटास तिथला, माँटाना तिथला, जो नेमथ, जिम केली आणि डॅन मरिनोही तिथलेच. सगळा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. यातल्या मरिनोसारखा हात कोणाचाच नव्हता. 1984 साली त्याने 5,084 यार्ड आणि 48 टचडाऊन फेकले. चेंडू कानाजवळ आला म्हणेपर्यंत सुटलेला असे. सुपर बोल एकच खेळला आणि तो माँटानापुढे हरला, 38-16. त्याच्यावरून भांडायची माझी तयारी आहे, पण आज नको.

ब्रेडीबद्दल लिहायला बसलं की माझी लेखणी जरा अडते. सात सुपर बोल जिंकणाऱ्या माणसात काय शोधायचं? मी पाहतो तो 3 फेब्रुवारी 2002चा, न्यू ऑर्लिन्सचा. 17-17, 81 सेकंद, टाइम-आउट एकही नाही, चेंडू स्वतःच्या 17वर. समालोचक जॉन मॅडन स्वतः नावाजलेला प्रशिक्षक. तो म्हणत होता, घड्याळ संपू द्या आणि जादा वेळ खेळा. ब्रेडीने पाच यार्ड घेतले, मग आठ, मग अकरा, तिन्ही एकाच साध्यासुध्या गड्याकडे. नंतर ट्रॉय ब्राऊनला 23. आणखी सहा, आणि किक. यात डोळे दिपावेत असा एकही पास नाही. वाण्याने सुटे पैसे मोजून द्यावेत तसं काम. त्याची थोरवी याच मोजणीत आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आणि पॅट्रिक माहोम्स. 23 जानेवारी 2022चा सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी संपला. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता. बफेलो 36-33 पुढे, 13 सेकंद शिल्लक. त्याच्या कॅन्सस सिटीचा चेंडू स्वतःच्या 25वर. टायरीक हिलला 19 यार्ड, टाइम-आउट. आता दुसरी खेळी. ट्रॅव्हिस केल्सीला बचावातली फट दिसली होती आणि आखलेली वाट सोडण्याचा त्याचा विचार होता. चेंडू हातात यायच्या आधी माहोम्सने त्याला ओरडून सांगितलं, कर तसंच! 25 यार्ड. तीन सेकंद. किक, बरोबरी, आणि जादा वेळात विजय.

एका बाजूला बेरीकडे टाकलेला कटाक्ष, दुसऱ्या बाजूला केल्सीला मारलेली हाक. मध्ये त्रेसष्ट वर्षं. या दोन खेळींपुढे युगांचा भेद मला जाणवतच नाही.

तरीही निवड करायचीच असेल तर मी युनिटासला निवडतो. माँटानामागे वॉल्श होता, ब्रेडी आणि माहोम्स यांच्या कानात प्रशिक्षक होता. त्या डिसेंबरच्या संध्याकाळी बंदिश, गायकी आणि धोका हे तिन्ही एकाच माणसाचं होतं.

1968 साली त्याच्या उजव्या कोपराला जबर दुखापत झाली. उतारवयात त्या हाताची बोटं वळेनाशी झाली. गोल्फ खेळताना तो डाव्या हाताने ती एकेक करून काठीभोवती वळवायचा आणि वेल्क्रोच्या पट्टीने हात काठीला बांधून घ्यायचा.