हॉटेलातला मान: राहून मिळवलेला आणि कार्डावर आलेला

नेदरलँड्समधल्या आपल्या लोकांच्या गप्पांत हल्ली एक नवी पोटजात तयार झाली आहे, तुमच्याही लक्षात आली असेल. आम्स्टलवेन असो की आइंडहोवन, चार कन्सल्टंट जमले की हॉटेलांच्या स्टेटसवर बोलणं येतंच. त्यात एक ‘खरा’ प्लॅटिनम असतो, म्हणजे वर्षाला पन्नास रात्री हॉटेलात काढलेला. दुसरा ‘कार्डवाला’, म्हणजे बँकेने पाकिटातून पाठवलेला. पहिला दुसऱ्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर लग्नातल्या मानपानात आपण पुष्कळदा पाहिलेली आहे. आमचा मान परंपरेचा, तुमचा काल आलेला.

माझं म्हणणं असं आहे की या भांडणात दोघंही फुकटचा अभिमान बाळगून आहेत. आणि हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते नेदरलँड्समधून, कारण इथे दुसरी जात जवळजवळ जन्मालाच येऊ शकत नाही. ती का, ते पुढे सांगते.

आधी पहिल्या जातीचं पाहू. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार उडणाऱ्यांसाठी योजना काढली, आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन व मॅरियटने तोच कित्ता हॉटेलांत गिरवला. या योजनांची मेख अशी की वारंवार प्रवास करणारा माणूस बहुधा स्वतःच्या खिशातून पैसे देत नसतो. खोली तो निवडतो, बिल कंपनी भरते. मग हॉटेलने खूश कोणाला करायचं? बिल भरणाऱ्याला सूट देण्यापेक्षा निवडणाऱ्याला वरची खोली आणि फुकट नाश्ता दिला की काम स्वस्तात होतं. याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे, तो वापरायला कोणालाच आवडत नाही. जर्मनीत मात्र तो उघड वापरला गेला. २००२ मध्ये सरकारी प्रवासातून जमलेले माइल्स खासगी प्रवासाला वापरल्यावरून चेम ओझदेमिर आणि ग्रेगोर गीझी या दोन मोठ्या राजकारण्यांना पदं सोडावी लागली. गंमत म्हणजे, त्याच्या काही महिनेच आधी अमेरिकेने आपल्या सरकारी नोकरांना असे माइल्स खुशाल स्वतःकडे ठेवा म्हणून कायदा केला होता.

त्यामुळे ‘मी ते कमावलं आहे’ असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कोणाच्या पैशाने? माझ्यासारख्या पोस्टडॉकच्या वाट्याला वर्षाला दहा-बारा रात्री येतात, त्याही परिषदेच्या आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांत, दर वेळी वेगळ्या साखळीत, आणि पैसे संशोधन-निधीचे, म्हणजे शेवटी करदात्यांचे. त्यातून फार तर सिल्व्हर होतं. कन्सल्टंटच्या पन्नास रात्री त्याच्या कंपनीच्या असतात, आणि कंपनी त्या ग्राहकाकडून वसूल करते. त्याने स्वतःचं जे दिलं ते वेगळंच आहे. पन्नास रात्री म्हणजे बारा-तेरा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, घरी मुलांना झोपवायला दुसरं कोणीतरी. याचा मोबदला म्हणून दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची मुभा मिळते, आणि ज्याला चार वाजता घरी असायचं असतं त्याला तिचा काय उपयोग, हे मला अजून कळलेलं नाही.

आता कार्ड. मॅरियट बॉनव्हॉयच्या पायऱ्या बघा: दहा रात्रींना सिल्व्हर, पंचवीसला गोल्ड, पन्नासला प्लॅटिनम, पंचाहत्तरला टायटेनियम. अमेरिकेत एका कार्डावर थेट प्लॅटिनम मिळतं, आणि हिल्टनच्या एका कार्डावर डायमंड. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटचं कार्ड आणलं: वर्षाला तीन हजार रुपये अधिक जीएसटी, आणि त्यावर सिल्व्हर व दहा रात्री खात्यात जमा. पुण्यात घरी बसून दहा रात्री. तुमचा भाऊ किंवा मेहुणा हे कार्ड दाखवून तुम्हाला ‘तूही घे’ म्हणाला असेल, तर सिल्व्हरमध्ये काय मिळतं ते त्याला विचारा. थोडे जास्तीचे पॉइंट, आणि खोली रिकामी असली तर उशिरा चेकआउट. नाश्ता नाही, लाउंज नाही. नाश्ता प्लॅटिनमपासून सुरू होतो, म्हणजे आणखी चाळीस रात्रींनंतर. हे कार्ड घेण्याचं बरं कारण म्हणजे त्यावर मिळणारी एक फुकट रात्र. ती खरोखर वापरणार असाल तर फी वसूल होते. स्टेटस ही वरची कोथिंबीर.

पण इथे नेदरलँड्समध्ये बँका असं कार्ड का काढत नाहीत? डच माणूस साधा आहे, त्याला दिखावा आवडत नाही, हे उत्तर आपण एकमेकांना नेहमी देतो. ते मला पटत नाही. हाच डच माणूस आल्बर्ट हाइनमध्ये दहा-दहा सेंटांची तिकिटं विकत घेऊन जमवतो, ४९ युरो भरले की ५२ परत मिळतात म्हणून. बक्षिसाची हाव सगळीकडे सारखीच. फरक कायद्याचा आहे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम केला आणि त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरपासून दुकानदाराच्या बँकेने ग्राहकाच्या बँकेला द्यायच्या शुल्कावर मर्यादा आली: डेबिटवर ०.२ टक्के, क्रेडिटवर ०.३ टक्के. म्हणजे तुम्ही शंभर युरोंची खरेदी केली तर तुमच्या कार्डाच्या बँकेला मिळतात जास्तीत जास्त ३० सेंट. त्यातून ती तुम्हाला हॉटेलची रात्र कुठून देणार? अमेरिकेत याच शंभरावर दीड-दोन डॉलर सुटतात. त्यात इथे मुळात सगळे पिन करतात, ऑनलाइन असेल तर २००५ पासून आयडील आहे, आणि क्रेडिट कार्ड घेतलंच तर त्याचं बिल महिनाअखेर खात्यातून आपोआप वळतं होतं. व्याजावर चालणारं दुकानही त्यामुळे बसत नाही. अपवाद अमेरिकन एक्सप्रेसचा. तिची स्वतःची कार्डं या मर्यादेबाहेर राहतात, म्हणून हॉटेलांचं गोल्ड देणारं कार्ड इथे मिळालंच तर तिचंच मिळतं, आणि ते कोपऱ्यावरच्या बेकरीत चालत नाही.

तेव्हा कार्डवाल्याचा मान कोण भरतो, याचं उत्तर मिळालं: दुकानदार. आणि दुकानदार कोणाकडून भरून काढतो? सगळ्यांकडून, कारण किंमत सगळ्यांना एकच असते. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणारं अमेरिकन कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या घरी पोचवतं, आणि कार्डवालं कुटुंब ११३३ डॉलर खिशात घालतं, असं त्यात निघालं. भारतात यूपीआयवर दुकानदाराला २०२० पासून शुल्क नाही, क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. कोथरूडमधल्या दुकानात यूपीआयने पैसे देणाऱ्या मावशी आणि मॅरियटचं कार्ड पुढे करणारे साहेब एकाच भावाने साबण घेतात. साहेबांच्या गोव्यातल्या रात्रीत मावशींचेही काही पैसे आहेत. मला या सगळ्या प्रकरणात खटकतं ते हे. ‘खऱ्या’ प्लॅटिनमची तक्रार मात्र वेगळीच असते: कार्डवाल्यांमुळे लाउंजमध्ये गर्दी झाली!

गर्दी झाली हे खरं आहे, आणि हॉटेलांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे वर आणखी एक माळा चढवणं. मॅरियटमध्ये सर्वांत वर अँबॅसडर आहे. त्याला शंभर रात्री हव्यात, आणि शिवाय वर्षाला २३ हजार डॉलर खर्च. म्हणजे शेवटी मान पैशावरच मोजायचा होता, तर मधल्या रात्री मोजण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडतो.

आपल्या यजमान देशाची या खेळात एक स्वतःची चाल आहे. बुकिंग डॉट कॉम १९९६ मध्ये एन्सखेडेत सुरू झालं. त्याच्या ‘जीनियस’ योजनेत दोन वर्षांत पाच बुकिंगं केली की दुसरी पायरी, पंधरा केली की तिसरी, आणि मिळालेली पायरी परत काढून घेत नाहीत. जानेवारीत शून्यावर येणं नाही, वर्षअखेरीस स्टेटस टिकवायला उगाच कुठेतरी एक रात्र काढणं नाही. मिळतं काय? मुख्यतः दरात सूट. यात मला एक डच रोखठोकपणा दिसतो, पण फसू नका: ती सूट बुकिंग देत नाही, हॉटेल आपल्या खिशातून देतं, आणि वर बुकिंगला कमिशनही देतं. शिवाय असं बुकिंग केलं की मॅरियट किंवा हिल्टनच्या खात्यात ती रात्र सहसा धरत नाहीत. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही.

तुम्ही विचाराल, मग उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांना दोन दिवस ब्रुग्स किंवा पॅरिसला न्यायचं आहे, तर काय करू? दोन खोल्या लागतील. मॅरियटमध्ये तुमच्या नावावर दोन्ही खोल्यांचे पॉइंट जमा होतील, पण स्टेटससाठी रात्र मोजली जाईल एकाच खोलीची. भारतातल्या भावाकडे गोल्ड असलं तरी तो स्वतः तिथे राहत नसेल तर ते तुमच्या कामाचं नाही. आम्स्टरडॅममध्येच राहणार असाल तर दरावर साडेबारा टक्के पर्यटन-कर धरा. तो प्लॅटिनमलाही माफ नाही. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर दर बघा, तोच दर नाश्त्यासह किती ते बघा, आणि मग फोन करून दोन खोल्या शेजारी-शेजारी आणि खालच्या मजल्यावर मिळतील का ते विचारा. आईचे गुडघे दुखतात हे सांगायला संकोच करू नका. रिसेप्शनवरची मुलगी ते नोंदवून घेते, तुमचा सदस्य-क्रमांक न विचारता.