'स्मृतिचिन्ह' की 'प्रसाद'? : ख्रिस्ती यात्रेकरूंच्या वस्तूंचे नामकरण

'सुव्हेनिर' या फ्रेंच शब्दाच्या मुळाशी स्मरणाची क्रिया आहे. म्हणून मराठीत त्याला 'स्मृतिचिन्ह' हा प्रतिशब्द रूढ झाला. प्राचीन व मध्ययुगीन ख्रिस्ती यात्रेकरूंनी तीर्थस्थानांहून घरी नेलेल्या वस्तूंनाही तोच लावला जातो. ही योजना सदोष आहे. तिने आधुनिक प्रवाशाची मनोवृत्ती त्या यात्रेकरूंवर लादली जाते, आणि मराठी वाचकाला जे सहज उमगले असते ते विनाकारण परके होते.

त्या काळचा शब्द प्रथम पाहिला पाहिजे. पॅलेस्टाइन, सिनाई व इजिप्त येथून नेलेल्या तेलाला, मातीला वा पाण्याला ग्रीकमध्ये 'यूलोगिया' म्हणत. व्युत्पत्तीने हे 'शुभवचन', म्हणजे आशीर्वाद. बायबलच्या मराठी भाषांतरात तोच शब्द येतो व तेथे तो योग्यही आहे. परंतु इ. स. 381 ते 384 च्या सुमारास यात्रा करणाऱ्या एगेरियाने आपल्या लॅटिन वृत्तांतात हाच शब्द सिनाई पर्वतावर धर्मगुरूंनी तिला दिलेल्या फळांसाठी योजला आहे. आशीर्वाद घेता येतो, देता येतो. खाता येत नाही. या फळांना मराठीत एकच शब्द आहे, आणि तो 'प्रसाद' होय. त्याचाही अर्थविकास असाच झाला आहे : प्रथम निर्मळपणा व प्रसन्नता, मग कृपा, आणि अखेर त्या कृपेने हाती आलेला पदार्थ.

पुढील पुरावा याला पुष्टीच देतो. इटलीत मोंझा व बोब्बियो येथे जतन झालेल्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या शिसे-कथिलाच्या कुप्यांवर पुण्यस्थळीच्या तेलाचा उल्लेख कोरलेला आहे. इ. स. 570 च्या सुमारास जेरुसलेमला गेलेल्या पियाचेन्झाच्या यात्रेकरूने अशा कुपीला क्रुसाच्या लाकडाचा स्पर्श होताच तेल उसळून येते, असे नोंदविले आहे. केंटरबरीला 1170 मध्ये मारल्या गेलेल्या टॉमस बेकेटचे रक्त मिसळलेले म्हणून मानलेले पाणी धातूच्या कुप्यांतून घरोघर गेले, ते रोग्यांना देण्यासाठी. मोल कुपीचे नव्हे, आतील द्रव्याचे होते. काशीहून आणलेला गंगेचा मोहोरबंद गडू आणि त्यानंतरचे मावंदे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

येथेच 'स्मृतिचिन्ह' या शब्दाची अडचण उघडी पडते. स्मृती असते ती जाऊन आलेल्याची. प्रसाद मुख्यतः न गेलेल्यांसाठी असतो. चैत्र यात्रेनंतर वाडी रत्नागिरीहून जोतिबाचा गुलाल कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी येतो, तो अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या आणि शेजाऱ्यांच्या कपाळी लागतो. त्याला कोणी 'जोतिबाची आठवण' म्हणत नाही.

सर्वच वस्तू 'प्रसाद' म्हणून चालतील, असे मात्र नाही. सान्तियागोचा शिंपला किंवा टोपीवर लावावयाचे शिसे-कथिलाचे बिल्ले यांना लॅटिनमध्ये 'सिग्नुम' म्हणत; तेथे 'खूण' हा साधा शब्द पुरेसा आहे. संताच्या देहाचे अवशेष तर सर्वस्वी निराळे. 1554 मध्ये फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्यात आला तेव्हा एका पोर्तुगीज स्त्रीने पायाचे बोट चावून तोडले, अशी आख्यायिका आहे. बोट नेल्याने मूळ देह उणा होतो. दिव्याचे तेल कितीही कुप्यांत गेले तरी पुन्हा भरता येते.

'प्रसाद' हा शब्द हिंदू उपासनेचा, तो ख्रिस्ती आचाराला कसा लावावा, अशी शंका घेतली जाईल. 1616 मध्ये राचोल येथे प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ती स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले आहे. धर्मोपदेशकाने जे स्वातंत्र्य घेतले ते अभ्यासकाने नाकारण्याचे कारण दिसत नाही.

एक वस्तू मात्र या दोन्ही नावांत बसत नाही. आखेन येथे दर सात वर्षांनी अवशेष उघडे करीत, तेव्हा गर्दीमुळे जवळ जाणे अशक्य होई. यात्रेकरू लहान आरसे उंच धरून अवशेषांचे तेज त्यांत टिपीत आणि ते आरसे घरी नेत. पुढे मुद्रणकलेमुळे प्रसिद्धी पावलेल्या गुटेनबर्गने 1438 च्या सुमारास स्ट्रासबुर्गला भागीदारीत असे आरसे तयार करण्याचा धंदा आरंभिला होता. यात्रा 1439 ऐवजी 1440 वर गेल्याने तो अडचणीत आला. हे यात्रेकरू घरी नेत होते ते दर्शन.