व्हिसेरा रिपोर्ट ‘निरंक’ : मिथेनॉलच्या मृत्यूंवरचे शोधनिबंध वाचताना

न्यायवैद्यक आणि विषशास्त्रात संशोधन करायचं ठरवलंत, की पहिल्या काही महिन्यांत एका ठरावीक साच्याचे शोधनिबंध ढिगाने वाचावे लागतात. शीर्षक थोड्याफार फरकाने एकच असतं : अमुक रुग्णालयात पाच वर्षांत शवविच्छेदनासाठी आलेल्या विषबाधेच्या मृत्यूंचा आढावा. आत वयोगट, लिंग, वैवाहिक स्थिती, ऋतू, आत्महत्या की अपघात, कोणतं विष, आणि शेवटी टक्केवारीचे तक्ते. एमडीच्या प्रबंधांपासून आपल्याकडच्या जर्नलांपर्यंत हा साचा सगळीकडे दिसतो. आज त्याच साच्यावर लिहायचं आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहिताना नेमका तोच उचलणार आहेत.

आधी त्याची चांगली बाजू. हे निबंध टाकाऊ अजिबात नाहीत. कोणत्या जिल्ह्यात कोणतं कीटकनाशक जीव घेतंय, उंदीर मारायच्या औषधाचं प्रमाण वाढतंय का, कोणत्या वयाची माणसं जास्त मरतायत, हे आपल्याला अशाच आढाव्यांतून कळतं. खर्च कमी, नमुना मोठा, रजिस्टर हाताशी. विष तोंडाला वास येण्याइतकं उग्र असेल, बाटली शेजारी सापडली असेल आणि माणूस लवकर गेला असेल, तर हा साचा नीट चालतो.

अडचण एका रकान्यात आहे : ‘रासायनिक विश्लेषणात विष आढळले / आढळले नाही’. बाकीच्या सगळ्या रकान्यांवर लेखक चर्चा करतात. या रकान्यावर मात्र कोणी शंका घेताना दिसत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे अंतिम सत्य, असं धरूनच पुढचे तक्ते उभे राहतात. मिथेनॉलच्या बाबतीत हे गृहीतक किती ठिसूळ आहे, ते आपल्या मुंबईच्याच उदाहरणावरून बघूया.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगरच्या वस्तीत विषारी दारू प्यायल्याने शंभरहून अधिक माणसं दगावली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीत अशाच दारूने ८७ जणांचा बळी घेतला होता. दोन्ही ठिकाणी मारेकरी एकच, मिथेनॉल. दोन्ही वस्त्या उपनगरांतल्या, कष्टकऱ्यांच्या. आता कल्पना करा की अशा घटनेतले मृत्यू तुमच्या पाच वर्षांच्या आढाव्यात आले. तुमचा तक्ता त्यांना ओळखेल का?

यासाठी थोडं रसायनशास्त्र लागेल. मिथेनॉल स्वतः फारसं जहाल नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, आणि त्याचं लगेच फॉर्मिक आम्ल होतं. खरा घात करतं ते हे आम्ल. ते पेशींचं श्वसन रोखतं, रक्त आम्लधर्मी करतं, डोळ्याच्या नसा आणि मेंदूतला पुटामेन नावाचा भाग मारतं. म्हणूनच पिणाऱ्याला सुरुवातीला काही कळत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी धुरकट दिसायला लागतं, पोट दुखतं, धाप लागते. सोबत साधी दारू, म्हणजे इथेनॉल पोटात गेलेलं असेल, तर हा काळ आणखी लांबतो. कारण ते विकर मिथेनॉलपेक्षा इथेनॉलला साधारण १० ते २० पट जास्त पसंती देतं. जोवर इथेनॉल आहे तोवर मिथेनॉल रांगेत थांबतं. उपचार म्हणून इथेनॉल देतात ते याच कारणाने. फोमेपिझोल हे औषधही तेच विकर अडवतं.

आता साधा हिशेब करा. इथेनॉल नसेल तर रक्तातलं मिथेनॉल तासाला साधारण ८.५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर या वेगाने कमी होतं, असं रुग्णांवरच्या मोजमापांतून दिसलं आहे. रक्तात २०० मिलिग्रॅम, म्हणजे चांगलीच घातक पातळी असली, तरी २०० भागिले ८.५ करून उत्तर येतं साधारण २४ तास. म्हणजे पुढच्या दिवशी मूळ विष जवळजवळ संपलेलं. पण तोवर आम्लाने करायचं ते करून ठेवलेलं असतं.

तीन काल्पनिक माणसं घेऊ. तिघांनी एकाच पिंपातली दारू घेतली.

पहिला रात्री प्यायला आणि सकाळी घरीच मेला. त्याच्या रक्तात मिथेनॉल भरपूर सापडेल. तक्त्यात : मिथेनॉल विषबाधा.

दुसरा प्यायला, दुसऱ्या दिवशी दिसेनासं झालं म्हणून दवाखान्यात गेला, पित्त झालं असेल म्हणून गोळी घेऊन परत आला, तिसऱ्या दिवशी बेशुद्ध झाला आणि चौथ्या दिवशी गेला. व्हिसेऱ्यात मिथेनॉल नाही. तक्त्यात : विष आढळले नाही.

तिसऱ्याला वेळेत मोठ्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी इथेनॉल दिलं, डायलिसिस केलं, शिकस्त केली. पाचव्या दिवशी तो गेला. डायलिसिसने मिथेनॉल धुऊन निघालं, आणि शेवटपर्यंत इथेनॉल चालू असेल तर अहवालात तेच दिसेल. तक्त्यात : इथेनॉल आढळले. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात चांगले उपचार झाले, त्याचा मृत्यू कागदावर ‘दारुडा होता, दारूने मेला’ असा उरला. उताराच पुरावा पुसून टाकतो, आणि ‘आढळले / आढळले नाही’ या दोन शब्दांत त्याला जागाच नाही.

तुम्ही म्हणाल, मालवणीसारख्या घटनेत शेकडो माणसं एकदम आजारी पडतात, तिथे कारण कोणालाही कळतं. बरोबर आहे. तिथे शेजारचे मृतदेहच साक्ष देतात, आणि डॉक्टर एकूण परिस्थिती पाहून मत देऊ शकतो. खरा प्रश्न आहे तो एकट्यादुकट्याचा. भांडुपच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या चाळीत रोज पिणारा एक माणूस चार दिवस आजारी पडून मेला, तर आजूबाजूला घोळका नसतो. अपमृत्यूची नोंद होते, व्हिसेरा जातो, अहवाल निरंक येतो, फाईल बंद. असे किती जण असतील, याचं उत्तर प्रोफाइलच्या साच्यातून कधीच निघणार नाही, कारण तो साचा त्यांना आधीच गाळून बसलेला असतो. आणि मग त्याच आकड्यांवर कोणी लिहितो की मिथेनॉलचे मृत्यू फक्त मोठ्या कांडांतच होतात.

दुसरी गोष्ट बरणीची. माझं पदव्युत्तर शिक्षण रसायनशास्त्राचं, त्यामुळे माझी नजर आधी बरणीवरच जाते. व्हिसेरा सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. अल्कोहोलची शंका असेल तिथे स्पिरिट वापरायचं नाही, हे पाठ्यपुस्तकात असतंच. पण फॉर्मलिनचं काय? हिस्टोपॅथॉलॉजीचे तुकडे फॉर्मलिनमध्ये जातात, आणि बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये टिकाऊपणासाठी साधारण १० ते १५ टक्के मिथेनॉल घातलेलं असतं. नमुन्याला फॉर्मलिन लागलं तर न प्यायलेल्या माणसातही मिथेनॉल सापडेल. जुन्या क्रोमोट्रॉपिक आम्लाच्या चाचणीत तर मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड करूनच जांभळा रंग पाहतात, म्हणजे तिथे फॉर्मलिन थेट गोंधळ घालणार. उलट बाजूने, मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. अर्धवट भरलेली, सैल झाकणाची बाटली मुंबईच्या उकाड्यात पडून राहिली तर ते उडून जातं. रक्त सोडियम फ्लोराइड घालून, काठोकाठ भरून, थंड ठेवायला हवं. नमुन्यासोबत नुसत्या द्रावणाची बाटलीही पाठवतात ती यासाठीच, ती आपली ‘ब्लँक’. आता हातातला कुठलाही आढावा काढा आणि ‘साहित्य व पद्धती’ वाचा. परिरक्षक कोणतं, नमुना किती दिवसांनी तपासला, हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी केली की रंगाची चाचणी, किमान किती प्रमाण मोजता येत होतं? यातलं किती लिहिलेलं आहे ते मोजा.

तिसरी गोष्ट फायलींची, आणि ही खास मुंबईची. उपनगरांतली कूपर, राजावाडी, भगवती ही रुग्णालयं पालिकेची. तिथली शवविच्छेदन केंद्रं मात्र राज्य सरकारच्या पोलीस सर्जनच्या अखत्यारीत चालत आली आहेत. व्हिसेरा जातो कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, आणि ती गृह विभागाची. म्हणजे एका मृत्यूची तीन कपाटं. रुग्णाला आणलं तेव्हा रक्त किती आम्लधर्मी होतं, दिसत होतं का, डायलिसिस झालं का, हे पालिकेच्या केसपेपरवर. पुटामेनमध्ये रक्तस्राव होता का, हे शवविच्छेदनाच्या अहवालात. मिथेनॉलचा आकडा कलिन्याच्या कागदावर. संशोधक बहुतेक वेळा ज्या कपाटाची परवानगी मिळाली तेवढंच उघडतो आणि शीर्षक मात्र तिन्ही कपाटांचं देतो.

इथे मला साच्यापेक्षा तो वापरणाऱ्यांच्या सवयीवर राग येतो. दुसऱ्या माणसाचा मृत्यू सिद्ध करणारा पुरावा होता. दाखल करताना घेतलेल्या रक्तात मिथेनॉल नसेल कदाचित, पण फॉर्मेट असण्याची शक्यता होती. ते रक्त लॅबमध्ये काही दिवस राहतं आणि मग टाकून दिलं जातं. फॉर्मेट मोजणं हा रामबाण उपाय नाही, हेही सांगते. शरीरात ते थोडं असतंच, कुजताना वाढू शकतं, आणि डायलिसिसने तेही निघून जातं. पण दाखल होतानाचं रक्त, रक्तवायूंचा अहवाल आणि मेंदूतले बदल हे तिन्ही एकत्र ठेवले तर दुसरा माणूस निरंक राहत नाही.

मुंबईनेच एकदा हे नीट करून दाखवलं आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. ते तर आधीच आजारी होते, मृत्यू आजारावर सहज ढकलता आले असते. पण त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलपर्यंत माग काढला गेला आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीची सगळी साखळी उघडी केली. तिथे केसपेपर, मृतदेह आणि बाटली एकमेकांसमोर ठेवले गेले, हा त्यातला आपल्या कामाचा धडा.

मग तुम्ही काय करायचं? मोठा प्रकल्प लागत नाही. तीन सुधारणा सुचवते.

एक, ‘आढळले नाही’ हा एक रकाना तोडून तीन करा : तपासलंच नाही, तपासलं पण आढळलं नाही, आणि इतका वेळ गेला होता की आढळणं शक्यच नव्हतं. पहिल्या रकान्याचा आकडा पाहून तुमच्या गाईडनाही आश्चर्य वाटेल.

दोन, वेळ हा चल घ्या. प्यायल्यापासून मृत्यूपर्यंत किती तास, मृत्यूपासून नमुना घेईपर्यंत किती, नमुन्यापासून तपासणीपर्यंत किती. सोबत इथेनॉल, फोमेपिझोल, डायलिसिस यांची हो-नाही नोंद. याशिवाय मिथेनॉलचा कुठलाही आकडा अर्धवट आहे.

तीन, दोन कपाटं तरी जोडा. केसपेपरवरचं निदान आणि प्रयोगशाळेचा अहवाल किती वेळा जुळतात, एवढाच प्रश्न घ्या. पन्नास केसेस पुरतील. परवानग्यांना वेळ लागेल, नैतिकता समिती दहा प्रश्न विचारेल, तेव्हा अर्ज पहिल्याच सत्रात टाका. असा पन्नासांचा अभ्यास मला पाचशेच्या प्रोफाइलपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

हे सगळं फक्त पद्धतीच्या काटेकोरपणासाठी नाही. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा दिली, दहा जण निर्दोष सुटले. त्या निकालाची चिकित्सा हा माझा विषय नाही. पण विषारी दारूच्या कुठल्याही खटल्यात हा माणूस याच विषाने मेला, हे एकेका मृतदेहाबाबत दाखवावं लागतं, आणि त्या वेळी डॉक्टर कोर्टात ज्या संदर्भांचा आधार घेतो ते तुमच्या-माझ्यासारख्यांनीच लिहिलेले असतात. आपण तक्त्यात निरंक म्हणजे विष नव्हतं असं लिहून ठेवलं, तर उलटतपासणीत तेच वाक्य वाचून दाखवलं जाईल. पुढचा आढावा वाचायला घेताना तो रकाना आधी शोधा, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहा : किती तासांनी?