बुडालेली खते

तुकोबारायांच्या चरित्रावरचे कीर्तन इंद्रायणीच्या डोहाशी आले की मंडप भरून येतो. वह्या बुडाल्या, महाराज तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर बसले, वह्या कोरड्या वर आल्या. टाळकऱ्यांना सांगावे लागत नाही. पण त्याच इंद्रायणीत त्याआधी आणखी काही कागद बुडाले होते. ती हकीकत बहुतेक बुवा दोन वाक्यांत उरकतात आणि वर ‘मागचे विसरा, पुढचे पांडुरंगावर सोपवा’ असा बोध लावून मोकळे होतात. महिपतीबाबांच्या ‘भक्तलीलामृता’त (१७७४) हा प्रसंग वाचावा. मग हा बोध फार तोकडा वाटतो.

१६३०च्या सुमाराच्या दुष्काळात महाराजांचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा गेला. घराण्यात सावकारी होती. लोकांकडच्या येण्याची खते घरात होती. ती नदीत टाकायचे महाराजांनी मनात घेतले, पण धाकट्या कान्होबांना आपला संसार चालवायचा होता. तेव्हा महाराजांनी निम्मी खते त्यांना वाटून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली.

महिपतीबाबांच्या चरित्रांत चमत्कारांना तोटा नाही. इथे चमत्कार नाही, वाटणी आहे. म्हणूनच मला हा प्रसंग त्यांच्या लेखणीतला फार मोलाचा वाटतो. भावाच्या वाट्याचा त्याग महाराजांनी परस्पर केला नाही. शिवाय टाकले ते काय? लोकांकडून आपल्याला येणे होते ते. आपण दुसऱ्याचे देणे लागतो, तेही ‘झाले गेले’ म्हणून सोडून द्यावे, असे कोणाला या कथेतून काढायचे असेल, तर त्याला त्यात जागा नाही.

आणि खत म्हणजे काय, माउली? मागे दिलेल्या पैशाची आठवण, आणि पुढच्या सुगीला येणाऱ्या व्याजाचा भरवसा. सावकाराचा भूतकाळ आणि भविष्यकाळ एकाच कागदावर असतात. तो कागद बुडाला तेव्हा दुष्काळात होरपळलेल्या कुळांच्या दारातला तगादा थांबला, आणि महाराजांच्या घरातली उद्याची बेगमीही गेली. मागचे सोडणे आणि पुढचे सोपवणे ही तिथे दोन कामे नव्हतीच.

वह्यांच्या वेळी मात्र महाराज गप्प राहिले नाहीत. धरणे ही जुनी वहिवाट सावकाराची: येणे वसूल होईपर्यंत ऋणकोच्या दारात उपाशी बसायचे. कुळांच्या दारात बसण्याचा हक्क ज्यांनी सोडला, ते देवाच्या दारात धरणे धरून बसले. भरवसा म्हणजे मुकाट बसणे, असे सांगणाऱ्या कीर्तनकाराने या तेरा दिवसांचे काय करायचे ते ठरवावे.

एक तक्रार उरते. खते बुडाल्यावर चूल जिजाईंनाच पेटवायची होती. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणाऱ्या या माउलीला आपल्या कीर्तनांत अजूनही कजाग बायको म्हणून हशा पिकवायला उभे करतात. महाराजांनी उद्याची काळजी विठ्ठलावर टाकली. पण त्या डोंगरावर रोज दुपारी भाकरी पोचत होती, ती त्यांच्या डोक्यावरून.