गाण्यातले ते पीस कुणाचे?

१९४९ साली ‘महल’च्या तबकड्या निघाल्या तेव्हा ‘आयेगा आनेवाला’च्या लेबलावर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. गायिका लता मंगेशकर यांचं नाव नंतर आलं आणि हळूहळू सगळ्याच पार्श्वगायकांना स्वतःच्या नावाचा मान मिळाला. संगीतकार आणि गीतकार तर ओळखले जातच होते. पण गाणं सुरू होण्याआधीचे सूर, दोन कडव्यांमधले पीस, गायकाच्या आवाजामागून सरकणारी व्हायोलिनची ओळ ज्यांनी कागदावर उतरवली, ते अरेंजर आजही बहुतेक श्रोत्यांना माहीत नाहीत. आपल्या लोकप्रिय संगीताचा कान या मंडळींनी घडवला असं माझं ठाम मत आहे. चाल, शब्द आणि आवाज यांपलीकडे आपली समीक्षा फारशी गेली नाही, म्हणून ते निसटले.

त्यांतले पुष्कळ जण गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवलं जाई. स्वरलिपी वाचणं त्यांना अक्षरओळखीइतकं सहज होऊन जाई. गावात मात्र या विद्येवर पोट भरत नसे. मग मुंबई गाठायची, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, पथारी टाकायची आणि हॉटेलं, क्लब, संस्थानिकांचे बँड असं जिथे काम मिळेल तिथे वाजवायचं. फाळणीनंतर लाहोर-कराचीकडचे वादक मुंबईत आले. १९४९च्या कायद्याने मुंबई इलाख्यात दारूबंदी कडक झाली, तशी क्लबांतली कामंही आटली. नेमक्या त्याच वर्षांत हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते, त्यामुळे जॅझ वाजवणारे हात स्टुडिओकडे वळले.

कामाची रीत साधारण अशी. सिटिंगमध्ये संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये घ्यायचा, तिला हार्मनी द्यायचा, कुठे व्हायोलिन, कुठे चेलो, कुठे अॅकॉर्डियन हे ठरवायचा आणि प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहून काढायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच हॉलमध्ये असत. एक जण चुकला तर सगळा टेक पुन्हा. असं काम पाठांतरावर चालणं शक्यच नव्हतं.

सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) यांचं काम सर्वांत लक्ष देऊन ऐकावं असं आहे. जन्म गोव्यातल्या रेईश मागूशचा. फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलात ते बँड चालवत. मुंबईत ओ. पी. नय्यर, सलील चौधरी यांच्याकडे त्यांनी काम केलं, पण त्यांची खरी कारकीर्द शंकर-जयकिशन यांच्याकडे, १९५२पासून जवळजवळ दोन तपं. त्याआधीच्या अरेंजमेंटमध्ये बहुतेक वेळा वाद्यं गायकाचीच चाल सोबतीने वाजवत आणि मधल्या जागा भरत. सेबॅस्टियननी गायकाच्या आवाजाखाली दुसरी, स्वतंत्र चाल वाहती ठेवली. वादक तिला ‘ऑब्लिगाटो’ म्हणत. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) मधलं ‘अजीब दास्तां है ये’ पुन्हा ऐका, पण या वेळी लताबाईंकडे लक्ष देऊ नका. ओळ संपते तिथे कोरस आणि व्हायोलिन काय करतात तेवढंच ऐका. मूळ चाल तशी साधी आहे. गाण्यात दाटून राहिलेली उदासी मागच्या सुरांतून येते.

आणि हेच सेबॅस्टियन पडद्यावर कसे दिसतात? श्रेयनामावलीत ‘सहायक’ या शब्दापुढे, दत्ताराम यांच्या जोडीला. दत्ताराम वाडकर हेही मूळ गोव्याचेच. ढोलकीवरचा त्यांचा ठेका वादकांत आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच चालतो. एका माणसाच्या नावाने ठेका रूढ व्हावा आणि त्याला आयुष्यभर सहायक म्हणून ओळखावं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

चिक चॉकलेट यांचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. ट्रम्पेटमुळे लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांना जवळ केलं. ‘अलबेला’ (१९५१) मधली उसळी या मराठी-गोवेकर मैत्रीतून आली. त्या चित्रपटात चिक आपल्या बँडसह पडद्यावरही आहेत. पडद्यामागच्या या लोकांपैकी इतकं तरी भाग्य फार थोड्यांना लाभलं.

अँथनी गोन्साल्विस यांचं नाव मात्र सगळ्या देशाला पाठ आहे, फक्त ते एका खऱ्या माणसाचं आहे हे ठाऊक नाही. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक १९४३मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात आले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात हे नाव आलं ते शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेलं वंदन होतं. गुरूंचं स्वतःचं स्वप्न वेगळंच होतं. १९५८मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. सारंग रागावर बेतलेल्या कॉन्चर्टोसारख्या त्यांच्या स्वतःच्या रचना होत्या. राग आणि हार्मनी यांचा समान पायावरचा संवाद त्यांना हवा होता. असा वाद्यवृंद टिकवायला लागणारं बळ त्यांच्यामागे कुणी उभं केलं नाही. १९६५मध्ये ते अमेरिकेला गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२मध्ये वारले.

त्यांचा वारसा मात्र वाढत राहिला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांतला व्हायोलिनचा ताफा थेट गोन्साल्विसांच्या शिकवणीतून येतो. मद्रासमध्येही हीच गोष्ट दिसते. इळैयराजांना पाश्चात्त्य संगीत शिकवणारे धनराज मास्टर, किंवा ए. आर. रहमान यांचे वडील, मल्याळम चित्रपटांचे अरेंजर आर. के. शेखर, यांना तिकडच्या जाणकारांबाहेर कोण ओळखतं? ‘सैराट’ (२०१६) साठी अजय-अतुल हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित करून आले, त्याचं आपल्याकडे रास्त कौतुक झालं. ‘याड लागलं’च्या सुरुवातीचे तंतुवाद्यांचे सूर मराठी श्रोत्याला परके वाटले नाहीत, कारण त्याचा कान साठ वर्षं आधीच तयार झाला होता.

एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. सगळे पीस अरेंजरचेच, असं म्हणणं दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. सलील चौधरींसारख्या संगीतकाराला आपला वाद्यमेळ स्वतः लिहिता येत होता. कित्येकदा पीस संगीतकाराने गुणगुणून दिलेला असे आणि अरेंजरने त्याला फक्त आकार दिलेला असे. कुणाचं किती हे सांगायला मूळ नोटेशनचे कागद लागतात, आणि गाणं ओके झालं की त्या कागदांचं मोल संपत असे. तबकड्या जपणारे संग्राहक आपल्याकडे गावोगाव आहेत, नोटेशन जपणारे नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी वृद्ध वादकांशी बोलून २००८मध्ये या स्टुडिओंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिला. त्या तोडीचं काम मराठीत व्हायला हवं. या इतिहासाचा निम्मा भाग तारदेव, महालक्ष्मी आणि वांद्र्याच्या स्टुडिओंत घडला आहे.

सिंथेसायझर आला तसे ते भरगच्च हॉल ओस पडले. आज एकच माणूस संगणकावर सगळा वाद्यमेळ उभा करतो, त्याला ‘प्रोग्रॅमर’ म्हणतात, आणि अॅपवर गाण्याखाली त्याचंही नाव क्वचितच दिसतं. हे बदलायचं तर कंपन्यांनी श्रेयनामावली पूर्ण द्यायला हवी आणि समीक्षकांनी ती वाचायला हवी. वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कुणी जुना स्टुडिओ-वादक असेल, तर त्याच्या वह्या, नोटेशनचे कागद, रेकॉर्डिंगच्या डायऱ्या रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांची छायाचित्रं काढा आणि मूळ कागद पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी पोचवा. वादक हयात असेल तर आधी त्याच्याशी बोला आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा.